बौरोचा एकुलता एक नकार

पडदा वर गेला की आधी दिसतो तो उजेड. डोळे आपोआप बारीक व्हावेत इतका पांढरा. तेबिके बेटाच्या अंगावर प्रवाळाचा चुरा दाबून केलेली धावपट्टी आडवी पसरलेली, तिच्या दोन्ही तोंडांना समुद्र. डाव्या विंगेत नारळाची राई, उजव्या विंगेत बेटाच्या कुशीतलं हिरवं, संथ पाणी. मध्यावर पत्र्याची एक शेड, शेडवर काठी, आणि काठीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवायला बांधलेली कापडी पिशवी. ती मिशनमधल्या बायांच्या जुन्या झग्यातून शिवलेली, म्हणून तिच्यावर अजून फुलं आहेत. आणि एवढ्या मोठ्या रंगमंचावर पात्र एकच. उघड्या अंगाचा, कमरेला लुंगी गुंडाळलेला, पाठीत वाकलेला एक माणूस कोयत्याने नारळाचे कोंब उपटतो आहे.

हा बौरो. धावपट्टीचा राखणदार.

समुद्र नारळ आणून टाकतो, नारळ जागा बघत नाही, रुजतो. बौरो रोज सकाळी ते कोंब काढायचा आणि डुकरं हाकलायचा. सरकारने त्याला ह्याच कामावर ठेवलं होतं, कारण एखादं विमान कधीतरी उतरेल अशी सरकारला आशा होती. गिल्बर्ट बेटांतून अमेरिकन सैनिक निघून गेले, बौरोच्या केसांत पांढरं दिसू लागलं, तरी त्यानंतर विमान काही उतरलं नव्हतं.

संध्याकाळी मनेआबात, म्हणजे गावाच्या त्या भल्यामोठ्या बैठकीच्या छपराखाली, सगळे जमले की त्याचा चुलतभाऊ तोकाताके मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "काय रे बौरो, आज किती विमानं उतरली? डुकरं धरून सांग हं." सगळं छप्पर हसायचं. बौरोही हसायचा. तोकावर रागावणं कुणालाच जमत नसे. धिप्पाड, मोठ्या पोटाचा, दुसऱ्याच्या ताटातला मासा उचलून खाणारा आणि आपला मासा दुसऱ्याच्या ताटात टाकणारा असा तो माणूस होता.

बौरोला विमानाचं एकच काम येत होतं. लढाईच्या दिवसांत तो तरुण पोरगा होता, ह्याच पट्टीवर अमेरिकनांकडे पिंपं ढकलायला होता. तिथे त्याला एका सार्जंटने नरसाळ्यावर मऊ कातडं ताणून पेट्रोल गाळायला शिकवलं. पाणी वर राहतं, पेट्रोल खाली जातं. जाताना सार्जंट ते कातडं त्यालाच देऊन गेला. पण त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट बौरोपाशी राहिली होती. एका सकाळी त्याने एका विमानात पेट्रोल भरलं, आतल्या पोराने त्याला हात केला, विमान उठलं, आणि थोडं वर जाताच खोकलं. दोनदा, तीनदा. मग आतल्या हिरव्या पाण्यात पडलं. ओहोटीला त्याच्या पंख्याचं एक पातं अजून पाण्याबाहेर येतं. मुलं त्यावर बसून गळ टाकतात. बौरोला कुणी काही विचारलं नाही, लढाईत रोजच काहीतरी पडत होतं. तो मात्र त्या पात्याला रोज विचारत असे, की कुठल्या पिंपातलं होतं रे ते?

आता बुबुतीचं सांगायला हवं, त्यावाचून पुढचं काही उभं राहत नाही. बुबुती म्हणजे मागणं. आपल्या वाशाखालचा माणूस, म्हणजे मनेआबात आपल्या घराण्याच्या जागी बसणारा माणूस, समोर येऊन बसला आणि म्हणाला की मी तुझ्याकडे बुबुती घेऊन आलोय, की विषय संपला. होडी मागो, डुक्कर मागो, अंगावरचा सदरा मागो. द्यायचं. नाही म्हटलं तर कुणी मारत नाही, पण त्या माणसाकडे पुढे कुणी काही मागत नाही. आणि ज्याच्याकडे कुणी मागत नाही, तो तेबिकेवर जिवंत असला काय नि नसला काय.

बौरोने जन्मात नाही म्हटलं नव्हतं.

त्या साली रेडिओवरून बातमी आली. ऑस्ट्रेलियातल्या उसाच्या मुलखातली एक बाई, व्हेरा कॉर्डिंगली तिचं नाव, एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून एकटी पृथ्वीला फेरी घालणार होती. असं आजवर कुठल्या बाईने केलेलं नव्हतं. अमेरिकेतूनही एक बाई निघायच्या तयारीत होती, त्यामुळे पहिली कोण ह्याची शर्यत लागली होती. आणि व्हेराबाईच्या वाटेवर, जिथे नकाशात नुसती निळाई आहे तिथे, पेट्रोल भरायला एकच ठिपका होता. तेबिके.

बोटीने पिंपं आली. लाल पट्ट्याची, खास विमानाच्या पेट्रोलची. ती शेडमध्ये लागली, शेडला कुलूप लागलं आणि किल्ली बौरोच्या गळ्यात पडली. त्या संध्याकाळी तोकाने डुकरांचा विनोद केला नाही. सरकून बौरोला जागा करून दिली.

पण पहिला आला तोही तोकाच. घामाने निथळत, भर दुपारी. त्याची मुलगी पलीकडच्या टोकाच्या गावी बाळंतपणात अडली होती, सुईण अलीकडे, आणि तोकाच्या होडीच्या इंजिनात थेंब नाही. तो बौरोसमोर मांडी घालून बसला, मान खाली घातली आणि म्हणाला, "भाऊ, मी तुझ्याकडे बुबुती घेऊन आलोय."

बौरोने किल्ली काढली. ह्यात विचार करण्यासारखं काही होतं असं आजही तेबिकेवर कुणी म्हणणार नाही. मुलगी वाचली, बाळ वाचलं, बाळाचं नाव बौरो ठेवलं.

मग दुसरा चुलतभाऊ आला, त्याला मयत न्यायचं होतं. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हे कसं सांगणार? मग लग्न आलं. मग बोटीवर खोबरं पोचवायचं निघालं. मग कुणाला नुसतंच सासुरवाडीला मिरवायचं होतं. प्रत्येकजण मांडी घालून बसला, प्रत्येकाने मान खाली घातली. दर वेळी बौरो स्वतःला समजावत राहिला की पुढच्या बोटीला सरकारी साहेबाला सांगू, बाई यायच्या आत भरून घेऊ. पुढची बोट आली ती पीठ आणि तंबाखू घेऊन आली, आणि साहेब आजारी म्हणून मागेच राहिला होता.

तेवढ्यात रेडिओ म्हणाला की बाई निघाली. ठरल्याच्या आधीच निघाली, कारण अमेरिकेतली दुसरी उडाली होती.

बौरो शेडमध्ये गेला आणि बोटाच्या पेराने पिंपांवर टकटक करू लागला. भरलेलं पिंप बद्द वाजतं. ही एकामागून एक टणटणत होती, देवळातल्या घंटेसारखी. बद्द वाजलं ते फक्त कोपऱ्यातलं एक. तो तिथेच खाली बसला. बायको, नेई ताओना, जेवायला बोलवायला आली तर हा पिंपाला पाठ लावून तसाच बसलेला होता.

"ती बाई येईल," तो म्हणाला, "आणि एवढ्याशा पेट्रोलवर पुढच्या पाण्यात जाईल. किंवा इथेच अडकेल. दोन्ही माझ्या हातून."

ताओनाने त्याला जेवायला उठवून पाहिलं, तो उठला नाही. ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने घरोघर जाऊन सांगितलं, भांडली नाही, फक्त सांगितलं की बौरो जेवत नाही. तेवढं पुरलं. सगळ्या नातलगांना लाज वाटली. बौरोने परत मागितलं असतं तर त्यांनी दिलंच असतं, पण त्याच्यावर मागायची पाळी यावी हेच त्यांना सहन होईना. ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघराच्या वाशांत डबे होते, काहींनी पलीकडच्या गावातून मागून आणलं. गपचूप परत करायचं ठरलं.

आणि वेळ कुठली धरली? तिथले पुरुष पहाटे माडावर चढतात, माडी काढताना वरून मोठ्याने गातात. गाणं ऐकू आलं की खाली सगळ्यांना कळतं, बाबा वर आहे. त्या पहाटे बौरो माडावर गेला. मनातलं वादळ कुठे काढणार, म्हणून जीव तोडून गायला लागला. तो गातोय तोवर नातलग डबे घेऊन शेडमध्ये आले. ताओनाने किल्ली आधीच काढून दिली होती. त्यांनी ओतलं. ओतल्यावर लक्षात आलं की कोपऱ्यातलं पिंप भरलेलं आणि बाकीची अर्धीमुर्धी. कुणाची वाटी भरलेली आणि कुणाची रिकामी, असं पंगतीत दिसलं तर तेबिकेच्या माणसाचा घास उतरत नाही. त्यांनी ते भरलेलं पिंप उपसलं, सगळं सगळ्यांत वाटलं, सारखं केलं आणि हसत घरी गेले.

त्यांच्या दृष्टीने त्यांनी पेट्रोलच परत केलं होतं. पण होडीच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये वंगणाचं निळं तेल मिसळून द्यावं लागतं, म्हणून पेट्रोल घरात येताक्षणीच तिथली माणसं त्यात तेल ओततात. इतक्या सवयीने, की तेलाचं वेगळं नावच कुणाच्या तोंडात नसतं. बेटावर पेट्रोल म्हणतात ते हेच.

बौरोने पिंपं वाजवली. सगळी बद्द. त्याने बायकोकडे पाहिलं, बायको चूल फुंकण्यात गुंतली होती. तिथे आभार मानायची रीत नाही. बौरो त्या दिवशी दोन माणसांचं जेवला.

बाई आली ती वाऱ्यावरून भिरभिरत आलेल्या पाखरासारखी. आख्खं बेट धावपट्टीच्या कडेला उभं होतं, बौरो इस्त्रीचा सदरा घालून मध्ये. विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं. दार उघडून उन्हाने रापलेली, ओठ फुटलेली एक किरकोळ बाई उतरली आणि तिने पहिल्यांदा कुणाचा हात हातात घेतला असेल तर बौरोचा. रात्री मनेआबात मासे, भोपळ्याची खीर आणि नाच झाला. गावातला सगळ्यांत वयस्कर माणूस इओतेबा, जो फॉस्फेटच्या खाणीवर काम करून इंग्रजी शिकला होता, त्याने उभं राहून सांगितलं की ही बौरोच्या पट्टीवर उतरली, म्हणून ही बौरोच्या वाशाखालची. तिला तिथे चटई घातली. नेई बेरा, म्हणजे बेराबाई, असं तिचं नाव ठेवलं. तोकाने तिच्या ताटातला मासा उचलून खाल्ल्यावर ती इतकी हसली, की ही आपलीच आहे ह्याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

सकाळी पेट्रोल भरायला घेतलं. पुन्हा सगळं बेट हजर. बौरोने नरसाळं लावलं, त्यावर सार्जंटचं कातडं ताणलं आणि हातपंप मारला.

कातडं निळसर झालं. बौरोने त्यावर बोट फिरवलं, बोट बुळबुळीत लागलं. त्याने वास घेतला. मग दुसरं पिंप उघडलं, तिसरं, कोपऱ्यातलं. सगळ्यांना होडीचा वास. कातडं पाणी अडवतं, तेल अडवत नाही.

त्याने मान वर केली तेव्हा समोर नातलगांची रांग होती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरासारखं समाधान होतं.

बाईनेही वास घेतला होता. तिला बौरोपेक्षा जास्तच कळत होतं. तिने इओतेबाला विचारलं, पुढची बोट कधी? इओतेबाने खांदे उडवले. बोट यायची तेव्हा येते. बाई विमानाच्या चाकाला टेकून जरा वेळ उभी राहिली. नवऱ्याच्या माघारी जे काही उरलं होतं ते सगळं तिने ह्या यंत्रात घातलं होतं, आणि दुसरी हवेत होती. मग ती सरळ झाली.

"धूर काढेल थोडा," ती म्हणाली. "पण नेईल. भर."

बौरो पंपाला हात लावेना. टाक्या काठोकाठ भरायच्या होत्या, केबिनमध्येसुद्धा टाकीच होती. एवढं ओझं घेऊन इंजिनाला पहिल्यांदा जीव तोडून ओढावं लागणार होतं, आणि तेलामुळे ते तिथेच खोकलं, तर खाली बेटाभोवतीची प्रवाळाची रांग. बाई स्वतः पंप घ्यायला आली तर तो आडवा उभा राहिला. तिने समजावलं, मग ओरडली, मग रडली. शेवटी इओतेबाला तिची दया आली, आणि त्याने तिच्या कानात रीत सांगितली, शब्दही शिकवले.

असा प्रसंग रंगमंचावर बसवायचा म्हटला तर दिवे मंद करावे लागतील. इथे तर वर उघडा सूर्य होता. ती बाई पांढऱ्या चुऱ्यावर बौरोसमोर मांडी घालून बसली, आणि तिने मान खाली घातली.

"बौरो," ती म्हणाली, "मी तुझ्या वाशाखालची आहे. मी तुझ्याकडे बुबुती घेऊन आलेय. मला पेट्रोल दे."

बौरोने आतल्या पाण्याकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. पातं वर आलं होतं, त्यावर एक बगळा बसला होता.

"नाही," बौरो म्हणाला.

आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने जवळचं पिंप आडवं केलं. मग दुसरं. बाई धावली, तिने त्याच्या पाठीवर मुठी मारल्या. तो मार खात एकेक पिंप आडवं करत गेला. पेट्रोल पांढऱ्या चुऱ्यात भसाभस मुरलं, जमीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा पांढरी झाली. नाटकात अशा ठिकाणी टाळी पडते. इथे आवाज आला तो फक्त तोकाचा, आणि तोही हळू. तो आयुष्यात कधी एवढं हळू बोलला नव्हता.

"भाऊ, ते आमच्या घरातलं होतं," तो म्हणाला. "तू ओतून दिलंस?"

बौरोला सांगता आलं असतं, की चूक तुमची आहे, तुम्ही सगळं नासवलंत. पण ते सांगायचं म्हणजे साऱ्या नातलगांना त्यांच्याच प्रेमापायी परक्या बाईसमोर उघडं पाडायचं. तो गप्प राहिला. माणसं एकेक करून निघून गेली.

व्हेराबाई अडकून पडली. दुसरी पृथ्वीभोवती फिरून आली, तिचा सत्कार रेडिओवर ऐकला तेव्हा ही पंखाच्या सावलीत पडून होती. पुढे बोट आली, लाल पट्ट्याची पिंपं आली. बौरोने गाळून टाक्या भरल्या, ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. विमान उठलं, प्रवाळाच्या रांगेवरून गेलं. बौरो कान देऊन उभा होता. आवाज खोकला नाही, नुसता लांब लांब होत गेला. तिनेही फेरी पुरी केली. तिच्या गावात तिच्या नावाचा दगड बसवलाय म्हणतात.

ते तेलाचं पेट्रोल घेऊन ती पडली असती का? कुणी सांगावं. तेबिकेवरचे लोक म्हणतात, आमच्या होड्या नाही का चालत त्यावर. बौरोपाशी दाखवायला काहीच नव्हतं. जे पडलंच नाही, ते कुणाला दाखवणार?

त्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी काही मागितलं नाही. भांडण नव्हतं. मनेआबात त्याची चटई होती, ताटात मासा होता. पण तोका शेजारच्या ताटातला उचलायचा, त्याच्या नाही. बौरोच्या माडाची माडी मडक्यात आंबून जायची. त्याची होडी उलटी पडून तिच्यात खेकडे राहिले. तो न मागता द्यायला गेला तर लोक हसून घ्यायचे आणि चार दिवसांनी दुप्पट परत आणून ठेवायचे, परक्याचं ठेवतात तसं. तो धावपट्टीवर कोंब उपटत राहिला. ताओना तेवढी मुद्दाम त्याच्याकडे काहीबाही मागायची, पाणी दे, विळी दे. पुढे तीही गेली.

शेवटच्या आजारात त्याला मनेआबाच्या कडेला झोपवलं होतं, वारा लागावा म्हणून. बायका आळीपाळीने तोंडात पाणी सोडायच्या. एका दुपारी तोकाताके आला. तोही आता वाळून गेला होता, पोट उरलं नव्हतं, काठी टेकत आला आणि बौरोच्या उशाशी बसला. मांडी घालून बसला, त्याशिवाय त्याला बसताच येत नसे. तोंड मात्र समुद्राकडे.

बौरोने लुंगीच्या गाठीत हात घातला आणि ते कातडं काढलं. वाळलेलं, एका कडेला अजून निळसर. ते त्याने तोकाच्या मांडीजवळ सरकवलं, आणि मग, जणू काही आठवलं म्हणून, परत आपल्याकडे ओढून मुठीत धरलं.

"असं देत नाही," तो म्हणाला. "तोका, माग ना. माग माझ्याकडे काहीतरी."